महिला समुपदेशन केंद्रात काम करताना तटस्थ राहायला कसं शिकायचं?

तू लिहिलंयस की एमएसडब्ल्यूचं, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाचं, शेवटचं वर्ष चालू आहे, तालुक्याच्या गावात घरगुती हिंसाचाराच्या केसेस बघणाऱ्या केंद्रात जागा निघालीय, इंटरव्ह्यूत म्हणाले तटस्थ राहता आलं पाहिजे, तर ते शिकायचं कसं आणि पगारात भागतं का. पगाराचं शेवटी सांगते. तटस्थ शब्द वाचला आणि कुकर बंद करून लिहायला बसले. अगं-तुगं करतेय, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे.

अकरा वर्षं केलं मी हे काम, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्यात. केंद्राचं नाव सांगत नाही. आमचे केंद्रप्रमुख, त्यांना सर म्हणते, यांचं एकच पालुपद, "मॅडम, आपण कुणाच्याच बाजूचे नाही." आणि महिन्याच्या रिपोर्टमध्ये त्यांचा आवडता रकाना म्हणजे समझोता. किती बायका परत नांदायला गेल्या ते. गेलेली बाई पुढच्या महिन्यात सुजलेलं तोंड घेऊन आली की ती नवीन केस म्हणून रजिस्टरला चढायची, म्हणजे आकडा दोन्हीकडून वाढायचा.

2013 ची गोष्ट. एक बाई होती, आम्ही आपसात तिला मशीनवाली म्हणायचो. ब्लाउज, पिको-फॉल करायची, शिलाई मशीन स्वतःच्या भिशीच्या पैशातून घेतलेली पण पावती नवऱ्याच्या नावावर. पहिल्यांदा आली तेव्हा डाव्या मनगटाला प्लास्टर. पोलीस ठाण्यात एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, घेऊन घरी पाठवलेलं, मग कुणीतरी आमच्याकडे धाडलं. तीन बैठका झाल्या. नवरा म्हणे नांदवायला तयार आहे, चुलतसासरे म्हणे घर आमच्या नावावर आहे, तिचा काय संबंध, आणि ही एकच सांगायची की मला नांदायचं नाही, माझं सामान द्या आणि पोराचा शाळेचा दाखला द्या. (घराचं म्हणशील तर तेव्हा सगळे वकील बत्रा केसचा निकाल तोंडावर मारायचे की सासरच्यांच्या मालकीच्या घरात सुनेला हक्क नाही. तो निकाल सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2020 मध्ये आहुजा केसमध्ये चुकीचा ठरवला. आमच्या मशीनवालीला त्याचा काय उपयोग.)

तर सामान आणायला गेलो, मी, सर, एक लेडी कॉन्स्टेबल आणि भाड्याचा टेम्पो. अंगणात सगळं काढून ठेवलेलं, लोखंडी कपाट, हंडा-कळशी, गाद्या, ताटं मोजून, आणि मशीन. सासूने चहा आणला. सर खुर्चीवर बसून प्याले, मीपण प्याले. ती टेम्पोच्या फाळक्याला टेकून उभी होती, तिला कुणी विचारलं नाही. हे मला त्या वेळी दिसलंच नाही, नंतर कितीतरी दिवसांनी रात्री आठवलं.

यादी वाचून झाली. ती मशीनपाशी आली, खालची पत्र्याची पट्टी सरकवली, आत बोट घातलं आणि म्हणाली, "बॉबिन केस नाहीये." खालच्या दोऱ्याची ती छोटी डबी, तिच्याशिवाय मशीन शिवत नाही.

नवरा म्हणाला, "मला काय ठाऊक, बायकांच्या वस्तू." सर म्हणाले, "अहो ताई, पन्नास रुपयांची वस्तू, त्यासाठी बैठक मोडायची का?" आणि मी, मी म्हणाले, "सही करा, आपण नवीन घेऊ." तिने सही केली. कागदावर नेहमीचीच ओळ होती, "सर्व सामान सुस्थितीत मिळाले, माझी कोणाविरुद्ध काही एक तक्रार नाही." खाली साक्षीदार म्हणून माझी सही.

टेम्पोत ती म्हणाली, "त्याला चांगलं ठाऊक आहे ओ ताई. भांडण झालं की तेवढंच काढून खिशात टाकायचा. सकाळी गिऱ्हाईक आलं की मी सांगायची, आज अंग दुखतंय."

अगं घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्याच्या कलम 3 मध्ये आर्थिक छळ लिहिलेला आहे. मी गावोगाव बचतगटाच्या बायकांना पोस्टर लावून तो शिकवायचे, पैसे काढून घेणं, कामावर जाऊ न देणं वगैरे वगैरे, आणि माझ्यासमोर अंगणात तोच चालू होता तर मी म्हणाले नवीन घेऊ. घेतली पण, दुसऱ्या दिवशी माझ्याच पैशाने, त्याचंही मला तेव्हा कौतुक वाटलं होतं स्वतःचं.

पुढे दीड वर्षाने तिने त्याच कायद्याखाली कोर्टात कलम 12 चा अर्ज टाकला, पोराच्या खावटीसाठी, म्हणजे पोटगीसाठी. कायद्यात लिहिलंय की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत. हसू नकोस. मला साक्षीला बोलावलं. नवऱ्याच्या वकिलाने तो कागद पुढे केला.

"सही तुमचीच ना?" हो. "तुमची संस्था तटस्थ आहे ना?" मी म्हणाले हो, काय म्हणणार, सरांनी बोर्डवरच लिहून घेतलं होतं. "मग काही एक तक्रार नाही हे तुम्ही खात्री करूनच लिहिलं असणार." तिने माझ्याकडे बघितलं नाही, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. खावटी मिळाली शेवटी, न्यायाधीश बाई समजूतदार होत्या, पण आठ महिने जास्त गेले आणि ते माझ्या सहीमुळे गेले.

त्या दिवसापासून सरांशी माझं वाजलं ते वाजलंच. ते म्हणतात कागद हा कागद असतो, सामान तर मिळालं ना. माझं म्हणणं, मारणारा आणि मार खाणारी यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसलं की ज्याच्या अंगणात चहा येतो त्याचीच बाजू होते. आणि समुपदेशक हा शब्दच मला पटत नाही, कसला उपदेश? मुंबईत 1984 ला टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांसोबत हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी पहिला विशेष कक्ष काढला, त्याची कल्पनाच ही होती की सोशल वर्करने पोलिसांच्या आवारात बसायचं पण बाईच्या बाजूने बसायचं. पुढे किती जणांनी त्याचं बैठक मिटवायचं हापिस करून टाकलं ते मी बघितलंय.

तर तुला शिकायचंच असेल तर कागद शिक. ती सांगेल तसं, तिच्या शब्दांत, तारखेसकट लिहायचं. सरकारी दवाखान्यात एमएलसी, म्हणजे पोलीस केस म्हणून जखमांची नोंद, झाली का ते पहिल्या दिवशी विचारायचं. संरक्षण अधिकाऱ्याकडून, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडून, काय घडलं त्याचा घटना अहवाल भरून घ्यायचा आणि त्याची प्रत तिच्या हातात द्यायची. सामानाच्या यादीत जे मिळालं नाही ते पण लिहायचं, बॉबिन केस तर बॉबिन केस, आणि खाली "यादीपुरतं सामान मिळालं, बाकी हक्क राखून". स्त्रीधन परत द्यायचा आदेश कोर्ट याच कायद्याच्या कलम 19 खाली देऊ शकतं हे सासरच्यांना ठणकावून सांगायचं. काही एक तक्रार नाही असं कुठल्याही बाईकडून लिहून घ्यायचं नाही, साहेब म्हणाले तरी. वकिलाला पैसे नाहीत म्हणाली तर तालुका विधी सेवा समितीत ने, बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आता कुणीतरी खाली लिहीलच की मग खोट्या केसेस करणाऱ्यांचं काय. असतात. बाजू घेणं म्हणजे डोळे मिटणं नाही, चार वेळा येऊन चार वेगळ्या गोष्टी सांगणारी पण बघितलीय मी. आणि एखादीला खरंच परत जायचं असतं, तिला अडवायचं नाही, मी एकदा चिडून "मग येता कशाला" म्हणाले तर ती बाई परत आलीच नाही, ते अजून टोचतं. घाईने घर सोडायला पण लावू नकोस, बाई निघते तेव्हाच धोका सगळ्यात जास्त असतो, जायचं कुठे, कागदपत्रं कुणाकडे, रात्री फोन कुणाला, हे आधी ठरू दे. सरांबद्दल पण खरं सांगायचं तर रात्री दोन वाजता गाडी मिळवून देणारा माणूस तोच होता, सगळे हवालदार नावानिशी ओळखीचे. हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हणाले नाही.

पगार. पगार नसतो, मानधन असतं, कंत्राटावर, आणि अनुदान अडकलं की तेही अडकतं, माझं एकदा पाच महिने अडकलं होतं. घरात दुसरं उत्पन्न असेल तर कर, नाहीतर आधी दोन वर्षं दुसरीकडे काढ. मन घट्ट होतं का वगैरे तू विचारलं नाहीस, बरं केलंस.

मशीनवालीचं आता आठवडी बाजाराजवळ दुकान आहे, दोन मशीन. मागच्या दिवाळीत माझे तीन ब्लाउज शिवले, पूर्ण पैसे घेतले, एक रुपया कमी केला नाही. सर रिटायर झाले, जुन्या स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अजून टाकत असतात की आम्ही किती घरं सांधली. सर, वाचत असाल तर त्या यादीची झेरॉक्स माझ्याकडे आहे, ग्रुपवर टाकू का?