कोल्हापुरात राहून मुंबईतला लाइव्ह जॅझ नियमित ऐकायचा, तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की देवल क्लबातल्या शास्त्रीय संगीताच्या बैठका ऐकून कान थोडाफार तयार आहे, दोन महिन्यांतून एकदा मुंबईची खेप जमेल, तर कुठल्या क्लबवर लक्ष ठेवू? माझं मत विचाराल तर क्लबवर नको. ड्रम्स आणि बेस (खर्जातले स्वर देणारं तंतुवाद्य) वाजवणाऱ्यांवर ठेवा.

मुंबईत जॅझच्या जागा टिकत नाहीत. 1978 ची पहिली ‘जॅझ यात्रा’ (जॅझ महोत्सव) जिथे झाली, ते रंगभवन हे खुलं नाट्यगृह शांतता क्षेत्राच्या नियमापायी गप्प झालं. लोअर परळचा ब्लू फ्रॉग क्लब 2007 ला सुरू होऊन 2016 ला मिटला. वाजवणारे मात्र तेच राहतात आणि मोजके आहेत. त्यातही चांगले बेसवाले आणि ड्रमर फारच थोडे, त्यामुळे एकच ड्रमर चार-चार बँडमध्ये सापडतो. जिनो बँक्स (ड्रम्स) आणि शेल्डन डिसिल्वा (बेस) यांच्यापासून सुरुवात करा. त्यांच्या इन्स्टाग्रामवर ज्यांची नावं येतील त्यांना फॉलो करत गेलात, की दहा-पंधरा नावांची यादी आपोआप होते. कार्यक्रम बरेचदा फक्त स्टोरीत टाकतात आणि ती 24 तासांत जाते. म्हणून दिवसातून एकदा बघायचंच.

हॉटेलांच्या ‘जॅझ नाइट’च्या जाहिरातीवर बेस आणि ड्रम्सची नावं नसतील तर जरा थांबा. रेकॉर्ड केलेली साथ लावून एकटी गायिका गाते, असंही निघतं. गाणं वाईट असेल असं नाही, पण त्यासाठी पावणेचारशे-चारशे किलोमीटर कशाला?

पक्की तारीख हवी असेल तर नरिमन पॉइंटचं एनसीपीए हे कलाकेंद्र. त्यांचा जॅझ महोत्सव साधारण नोव्हेंबरअखेरीस असतो. 30 एप्रिलला आंतरराष्ट्रीय जॅझ दिन. त्याच्या आगेमागेही कार्यक्रम लागतात.

आता कानाचं. तुमची तयारी इथेच कामाला येते. जॅझमध्ये ‘स्टँडर्ड’ म्हणजे सगळ्यांना पाठ असलेली बंदिश समजा. आधी ती सगळे मिळून वाजवतात, मग एकेक जण तिच्याच सांगाड्यावर सोलो घेतो, शेवटी पुन्हा बंदिश. हा सांगाडा आवर्तनासारखा फिरत राहतो. 12 बारचा ब्लूज हा जॅझमधला नेहमीचा सांगाडा घ्या: ‘बार’ म्हणजे तालाचा एक खंड, एका बारमध्ये चार मात्रा, एकूण 48, म्हणजे त्रितालाची बरोब्बर तीन आवर्तनं. साध्या ब्लूजमध्ये दुसऱ्या आवर्तनाच्या समेवर हार्मनी (साथीचा स्वरमेळ) मध्यमावर जाते, तिसऱ्याच्या समेवर पंचमावर. जॅझवाले तिसऱ्याच्या समेवर बरेचदा रिषभावर उतरतात आणि चार मात्रांनी पंचम धरतात. 32 बारची चाल म्हणजे अशी आठ आवर्तनं; बरेचदा पाचव्या-सहाव्यात वेगळा भाग येतो, अंतऱ्यासारखा.

मोजताना आपल्याकडचे श्रोते फसतात ते ड्रम्समुळे. आपण ठेका शोधतो आणि ड्रमर तर आघात मुद्दाम आडवेतिडवे टाकत असतो. ठेका बेसमध्ये आहे: दर मात्रेला एक स्वर, जवळजवळ लेहऱ्यासारखा (तबल्याच्या सोलोला साथीला फिरत राहणाऱ्या चालीसारखा). त्याला धरून चाला. ड्रमरच्या पायाखालचं हाय-हॅट (झांजांची जोडी) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मिटतं, टाळी तिथे. पहिलीवर मांडीवर थाप मारलीत तर शेजारचा वळून बघेल. ड्रम्सचा सोलो चालू असताना मनात मूळ चाल गुणगुणत राहा, कारण आवर्तन थांबलेलं नसतं. बँड नेमका कुठे परत येणार हे कळलं, की तो आनंद समेवर येण्याचाच. ब्लूज मोजता आला की घरी एकच स्टँडर्ड तीन वेगवेगळ्या वादकांचं ऐका, नुसते अल्बम जमवत बसू नका.

दाद प्रत्येक सोलो संपल्यावर टाळ्यांनी. बेसचा सोलो आला की आवाज उतरतो आणि टेबलांवर गप्पा सुरू होतात. ती चूक तुम्ही करू नका.

बसायची जागा: सभागृहात पियानो असेल तर डावीकडची खुर्ची घ्या, वादकाचे हात दिसतात. क्लबात बार काउंटरपासून लांब, बर्फ आणि मिक्सरचा खडखडाट नेमका संथ चालीत होतो. झांजांच्या अगदी पुढ्यातही नको, पियानो झाकला जातो. प्रवेशशुल्क खाण्यापिण्यात वळतं होतं का, ते फोनवर विचारून ठेवा.

प्रवासाची मेख परतीत आहे. जाताना महालक्ष्मी एक्सप्रेस उत्तम, रात्री बसलात की सकाळी सीएसएमटी. पण तिकडून ती रात्री साडेआठच्या आतच सुटते आणि क्लबातला पहिला सेट (मध्यंतरापर्यंतचा भाग) बरेचदा नऊनंतर. त्यामुळे परतीला स्लीपर बस, बसायचं ठिकाण चेंबूर किंवा वाशी. एनसीपीएचा संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर साडेदहानंतरची बस निवडा, नरिमन पॉइंटहून चेंबूरला तास धरा. क्लब असेल तर मुक्काम करा, बसच्या धास्तीने उठाल आणि दुसरा सेट हुकेल. पहिल्या सेटमध्ये वादक एकमेकांचा अंदाज घेत असतात, मोकळे होतात ते दुसऱ्यात.

दोन सेटच्या मधल्या वेळात वादक बाहेर उभे असतात. बेसवाल्याला सरळ विचारा, या महिन्यात अजून कुठे वाजवताय? पुढच्या खेपेची तारीख तिथेच ठरवता येते.