गिलावा पडला, खांदा दुखावला

प्रश्न : वरच्या घरातील गळतीमुळे आमच्या छताचा गिलावा पडला आणि आईच्या खांद्याला लागले. सोसायटीला इंग्रजीत पत्र लिहिताना दोन्हींसाठी ‘डॅमेज’ चालेल का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : छतासाठी चालेल, आईसाठी नाही. डॉक्टर ‘लिव्हर डॅमेज’ म्हणतात खरे. पण अख्ख्या माणसाला होते ती ‘इंज्युरी’. कायद्यात मात्र हा शब्द पुष्कळ ऐसपैस आहे : १८६० च्या भारतीय दंड संहितेने शरीर, मन, लौकिक किंवा मालमत्ता यांना बेकायदा पोचवलेली कोणतीही हानी ‘इंज्युरी’ मानली आणि शारीरिक वेदनेसाठी ‘हर्ट’ वेगळा ठेवला. ‘डॅमेजेस’ हे अनेकवचन जपून वापरावे, कारण कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ नुकसानभरपाई असा होतो. गिलाव्याचे दहा पोपडे पडले, तरी ‘डॅमेज’ एकवचनीच राहते.