रोजनिशी सुरू होण्याआधीचा पाऊण तास

प्रिय मित्रा,

रुग्णांकडून मोबाइलवर मनःस्थितीच्या नोंदी घ्यायच्या म्हटल्यावर तू आधी अ‍ॅप शोधायला लागलास. अ‍ॅप मिळेल. खरं काम आहे ते रुग्णाबरोबर आधी बसण्याच्या पाऊण तासाचं. नोंद त्या क्षणाची असणार की रात्री आठवून केलेली, हे तिथे ठरतं.

२००२ मध्ये मानसशास्त्रज्ञ आर्थर स्टोन आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळ दुखण्याने त्रासलेल्या रुग्णांच्या कागदी डायऱ्यांत प्रकाश टिपणारा सेन्सर लपवला होता; डायरी कधी उघडली ते त्यावरून कळायचं. रुग्णांच्या म्हणण्यानुसार ९० टक्के नोंदी वेळेवर झाल्या होत्या. सेन्सर सांगत होता ११ टक्के. मला यात रुग्णांचा दोष दिसत नाही. डॉक्टरांना नाराज करायला कुणाला आवडतं? म्हणून स्पष्ट सांग: नोंदीची आठवण देणारा फोनचा बीप चुकला तर चुकू द्या, मागून भरू नका.

वेळापत्रकासाठी नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांची घडी चांगली आहे: ६ दिवस, रोज १० बीप, सकाळी साडेसात ते रात्री साडेदहा. दर दीड तासाच्या टप्प्यात एक बीप, पण नेमका कधी ते रुग्णाला कळता कामा नये; वेळ ठाऊक असली की माणूस वाट बघू लागतो. उत्तराला १५ मिनिटं, त्यानंतर प्रश्नावली बंद. रात्रपाळीवाल्याचं घड्याळ मात्र त्याच्या झोपेप्रमाणे लाव.

प्रश्नावली दोन मिनिटांत संपली पाहिजे. ‘आज कसं वाटलं?’ विचारू नकोस. ‘बीप वाजण्याआधी मला उदास वाटत होतं’, आणि पुढे १ (अजिबात नाही) ते ७ (खूप). आधी भावना विचारून घे, कारण त्या लगेच विरतात. कुठे होतात, कोणाबरोबर होतात, हे नंतर. एक सापळा नेहमी नजरेतून सुटतो: ‘ताण आला का?’ला ‘हो’ म्हटलं की आणखी पाच प्रश्न आणि ‘नाही’ म्हटलं की सुटका, अशी रचना केलीस तर तिसऱ्या दिवसापासून सगळेच ‘नाही’ म्हणतील. ‘नाही’लाही तेवढेच प्रश्न ठेव.

त्या पाऊण तासात एक पूर्ण नोंद त्याच्याच फोनवर, तुझ्यासमोर होऊ दे. प्रत्येक वाक्य त्याला काय समजलं ते विचार. बॅटरी वाचवण्याची सेटिंग या अ‍ॅपपुरती बंद कर. अनेक अँड्रॉइड फोनवर बीप न वाजण्याचं कारण तेच असतं. दुसऱ्या दिवशी फोन कर, चौकशीच्या सुरात, हजेरी घेतल्यासारखा नाही. आणि रुग्णाला देण्याआधी सहाही दिवस ही प्रश्नावली तू स्वतः भर. स्वयंपाक करताना किंवा बसमध्ये उभ्याने ती भरताना कुठे अडतं, ते दुसऱ्या कशानेही कळत नाही.

विश्लेषणात प्रत्येकाच्या नोंदी त्याच्या स्वतःच्या सरासरीशी ताडून बघ, नाहीतर माणसामाणसांतला फरक तू क्षणाक्षणांतला समजशील. एका नोंदीचा पुढच्या नोंदीवर परिणाम बघताना रात्रीचा शेवटचा बीप सकाळच्या पहिल्याला जोडू नकोस, मध्ये झोप असते. ६० पैकी २० पेक्षा कमी नोंदी असतील तर सहसा त्या रुग्णाची माहिती वगळतात, पण नोंदी कधी गळल्या ते आधी पाहा. सकाळच्याच सारख्या गळत असतील तर तो उपचाराच्या कामाचा धागा आहे.

नोंदींचा आलेख रुग्णासमोर ठेवशील तेव्हा बरं वाटलेल्या वेळा आधी दाखव.

आत्महत्येच्या विचारांबद्दल प्रश्न ठेवणार असशील, तर उत्तरं कोण, कधी वाचणार हे पहिल्या बीपआधी लेखी ठरव. आलेली नोंद कुणी त्या क्षणी पाहत नसेल तर रुग्णाला तसं स्वच्छ सांग, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या फोनमध्ये तिथेच साठवून दे.