मुलीच्या स्कोलिओसिसच्या ऑपरेशनआधी घरी काय तयारी करावी आणि तिला किती सांगावं?

ताई, मुलगी १४ वर्षांची, पाठीचा कणा कडेला वाकलेला, म्हणजे स्कोलिओसिसचा बाक, ५६ अंशांवर गेलेला आणि डॉक्टरांनी दिवाळीनंतरची तारीख दिलेली, एवढं तुम्ही लिहिलंय. मणक्यांना रॉड आणि स्क्रू लावून बाक सरळ करतात, त्याच ऑपरेशनमधून मी अकरावीत असताना गेले. साधारण ४५-५० अंशांच्या पुढचा बाक वाढ थांबल्यावरही हळूहळू वाढत राहू शकतो, म्हणून ऑपरेशन सुचवतात. पाठीला बांधायच्या पट्ट्याने (ब्रेसने) त्या टप्प्यावर भागत नाही. तपासण्या, रक्ताची सोय वगैरे हॉस्पिटल सांगेलच. हिमोग्लोबिन कमी असेल तर आत्तापासून डॉक्टरांना विचारून लोहाच्या गोळ्या सुरू करा. ऑपरेशन चालू असताना मज्जारज्जूवर लक्ष ठेवणारं न्यूरोमॉनिटरिंग असणार का, हेही विचाराच.

पण ताई, नंतरचे पहिले तीन-चार आठवडे घरावर अवलंबून असतात. सगळ्यात आधी संडास बघा. वाकायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, जड उचलायचं नाही. आम्ही लालबागला चाळीत राहायचो, संडास गॅलरीच्या टोकाला, तोही भारतीय पद्धतीचा. म्हणून आई मला घेऊन गोरेगावला मावशीकडे राहिली, तिथे कमोड आणि लिफ्ट दोन्ही होतं. तशी सोय नसेल तर कमोडची खुर्ची भाड्याने मिळते. जमिनीवरची गादी नको, पलंग हवा. कडेला बसल्यावर तिचे तळवे जमिनीला टेकले पाहिजेत.

कुशीवर वळून उठण्याचा सराव आत्तापासून करून घ्या. गुडघे दुमडायचे, खांदे आणि कंबर एकदमच वळवायची, मध्ये पीळ पडू द्यायचा नाही. मग पाय पलंगाखाली सोडत हाताने रेटा देऊन उठायचं. बहुतेक ठिकाणी एक-दोन दिवसांतच फिजिओ उठवून बसवतात. तेव्हा दुखत असतं, डोकं गरगरतं, नवीन काही शिकायची ताकद नसते. शरीराला आधीच सवय असली की खूप सोपं जातं.

केसांच्या दोन घट्ट वेण्या घालून पाठवा, बरेच दिवस नीट न्हायला मिळत नाही. पुढून बटणं असलेले सैल गाऊन घ्या. पिशवीत पॅड ठेवा, पाळी नेमकी तेव्हाच येऊ शकते.

दुखण्याच्या औषधांनी पोट हमखास जड होतं. मला टाक्यांपेक्षा गॅसचा त्रास जास्त झाला. पातळ वरण, पपई, भरपूर पाणी आणि डॉक्टर म्हणतील ते पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून द्या. वेदनाशामक मात्र मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका, काही गोळ्या हाडं जुळून येण्याच्या आड येऊ शकतात असं मानतात.

घरी आल्यावर ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू आला, पायातली ताकद कमी वाटली किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर ओपीडीच्या दिवसाची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा. जखमेच्या आसपास बधीर वाटणं वेगळं, ते महिनोन्महिने राहू शकतं.

शाळा साधारण महिना-दीड महिन्याने सुरू होते. दप्तर नको, पुस्तकांचा दुसरा संच वर्गात ठेवू द्या म्हणून बाईंना आधीच भेटा. गर्दीच्या वेळची लोकल आणि खड्ड्यांतली रिक्षा डॉक्टर हो म्हणेपर्यंत टाळा. खेळ आणि नाच सहा महिने ते वर्षभराने, कारण रॉड आणि स्क्रू फक्त आधार देतात, मणके एकमेकांना जुळायला तेवढा वेळ लागतो.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तिला किती सांगावं. सगळं सांगा ताई. शुद्धीवर आल्यावर नळ्या लावलेल्या असतील, लगेच कुणीतरी पायाची बोटं हलवायला सांगेल, तेही सांगा. मला ते माहीत होतं, म्हणून नर्सबाईंनी 'बोटं हलव' म्हटल्यावर मी घाबरले नाही. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तिला स्वतःच्या वहीत लिहू द्या आणि पुढच्या भेटीत तिचे तिलाच विचारू द्या. पाठ तिची आहे.