बाबांचे २९ महिने

"मॅडम, बाबांकडे २९ महिने आहेत. त्यांना सांगू की नको?" नौपाड्यातल्या माझ्या खोलीत खुर्चीवर टेकायच्या आधीच तिनं विचारलं. घर कळव्याला, नोकरी ऐरोलीला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) वडील एसटीतले निवृत्त कंडक्टर. कंबरदुखीवर महिनोन्महिने मलम चोळून झालं आणि शेवटी निघाला मल्टिपल मायलोमा, अस्थिमज्जेचा कॅन्सर. रिपोर्टात बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, म्हणजे या आजारात रक्तात वाढणारं एक प्रोटीन, ५.८. हिनं रात्री दोनला मोबाइलवर शोधलं: साडेपाच किंवा वर म्हणजे तिसरी स्टेज, आयुष्य २९ महिने.

हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो, प्रोटीनचं नाव तेवढं बदलतं. कुणाचं सीए-१२५, कुणाचं सीईए, कॅन्सरमध्ये रक्तात मोजतात ती.

मी डॉक्टर नाही, हे आधी सांगितलं. पण हा आकडा कुठला ते मला ठाऊक होतं. २००५ साली दहा हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदींवरून ही वर्गवारी झाली. त्यांचे उपचार १९८१ ते २००२ मधले. बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड ही आजची नेहमीची औषधं तेव्हा वापरात यायची होती. २९ महिने हा मधला आकडा: निम्मे त्याआधी गेले, निम्मे त्यापुढे जगले. शिवाय किडनी थकली की हे प्रोटीन रक्तात साचतं. बाबांचं क्रिएटिनिन, किडनी कशी चालतेय ते सांगणारा आकडा, किती? ते तिनं पाहिलंच नव्हतं.

"म्हणजे घाबरायचं कारण नाही?" तिनं विचारलं. तसं मी म्हणू शकत नव्हते. तिसरी स्टेज जड असते, आणि किडनी बिघडवणारा बऱ्याचदा मायलोमाच असतो. डॉक्टरांना विचारायला तिला दोनच गोष्टी लिहून दिल्या: एलडीएच (रक्तातलं एक एन्झाइम) आणि कॅन्सरपेशींच्या गुणसूत्रांची तपासणी झाली का (२०१५ पासून स्टेज ठरवताना तीही धरतात), आणि औषधांच्या पहिल्या काही सायकलनंतर (फेऱ्यांनंतर) आजाराला उतार दिसतोय का. बाबांना काय जाणून घ्यायचंय, हे घरात कुणी विचारलंच नव्हतं. फाईल दिवाणात लपवलेली.

पुढच्या आठवड्यात बाबाच आले. फाईल केव्हाच वाचली होती त्यांनी! मधल्या आकड्याचं मी समजावू लागले, तर म्हणाले, "बोरिवलीच्या गाडीत निम्मे पॅसेंजर कासारवडवलीपर्यंत उतरायचे. गाडी पुढे जायचीच की." मग लेकीकडे वळून, "पण बँकेच्या खात्याला आईचं नाव लावून घे. या महिन्यातच."

ती तेव्हा पहिल्यांदा रडली. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो बाबांनीच पिऊन टाकला. निघताना जिन्यात तिनं त्यांचा हात धरला.

"हात काय धरतेस, फाईल धर," ते म्हणाले.