सुरुवात आंघोळीच्या पाण्यापासून

वहिनी, घरातलं वापरलेलं पाणी झाडांना घालायचं म्हणताय, पण टाकी-फिल्टरचा खर्च आत्ताच नको. इंदूरला नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून पंपाने चढवून आणावं लागतं, तेव्हा तुमची हौस रास्तच. पण आधी फक्त आंघोळीचं पाणी घ्या; स्वयंपाकघरातलं तेलकट पाणी पुढे बघू.

– साठवू नका. 24 तासांच्या आत झाडांना घाला, नाहीतर घाण वास सुटतो. नवे लोक हमखास इथेच चुकतात, हौसेने ड्रम भरून ठेवतात!
– केळ, कर्दळ चालेल. कोथिंबीर, पालक, मुळा यांना अजिबात नको.
– बाळाची दुपटी धुतलेलं पाणी थेट ड्रेनेजमध्ये.

पुढे कपड्यांचं पाणी घ्याल, तेव्हा ते रोज एकाच वाफ्यात ओतू नका. साबणातल्या सोडियमने आपली काळी माती घट्ट होते, मग पाणी मुरतच नाही. खडी-वाळूच्या गाळणीचं पावसाळ्यानंतर सांगेन.