रडू येतं, मग नर्स कशी होणार?

प्रश्न: माझी मुलगी बारावी सायन्सला आहे, मार्क चांगले आहेत. सहा महिन्यांपूर्वी माझे सासरे नऊ दिवस आयसीयूत होते, तिथेच गेले. तेव्हापासून हिने नर्स व्हायचं धरलंय. कारण विचारलं की रात्रपाळीच्या एका सिस्टरबद्दल सांगते. त्यांनी आजीला खुर्ची दिली, स्वतः समोर बसल्या, 'डॉक्टर बोलले त्यातलं तुम्हाला काय समजलं?' असं आधी विचारलं आणि कुठल्या अलार्मला घाबरायचं नाही तेही सांगितलं. चांगल्या होत्या त्या, पण गोड बोलणं हा काय करिअरचा पाया झाला? शिवाय ही इतकी हळवी, की मांजर आजारी पडलं तरी रडते. घरचे म्हणतात, एवढी सेवेची हौस असेल तर डॉक्टर हो. प्रवेशाची सगळी माहिती मी काढली आहे. हिच्या स्वभावाला हे काम झेपेल का, एवढंच सांगा. – एक आई

उत्तर: ताई, तुम्ही 'हळवी' या शब्दावर जोर दिलात, पण पत्र वाचताना मी थांबलो ते अलार्मपाशी. आजोबा जातात की राहतात अशा रात्री सतरा-अठरा वर्षांच्या मुलीने सिस्टर कुठे बसल्या, पहिला प्रश्न काय विचारला, कुठला आवाज कशाचा, हे सगळं टिपलं. तुम्हीही तिथेच होतात आणि तुम्हाला 'चांगल्या होत्या' एवढंच आठवतंय. हा टोमणा नाही हं, बहुतेक नातेवाइकांना तेवढंच आठवतं. म्हणूनच तुमच्या मुलीचं बघणं मला वेगळं वाटलं.

त्या सिस्टरनी जे केलं त्याला तुम्ही गोड बोलणं म्हणता. जरा जवळून पाहू. डॉक्टर म्हणतात, 'पेशंट स्टेबल आहे.' आयसीयूच्या भाषेत याचा अर्थ एवढाच, की आकडे तूर्त खालीवर होत नाहीत. माणूस अत्यवस्थ असूनही स्टेबल असू शकतो. घरचे मात्र ऐकतात 'सुधारतोय' आणि तसे फोन करायला लागतात. मग दोन दिवसांनी वाईट बातमी येते तेव्हा त्यांना वाटतं आपल्याला फसवलं. 'तुम्हाला काय समजलं?' या एका प्रश्नाने ही गफलत वेळीच उघडी पडते आणि नर्स डॉक्टरांना पुन्हा बोलायला बोलावू शकते. कॅन्सरच्या डॉक्टरांसाठी २००० साली वाईट बातमी सांगण्याची 'स्पाइक्स' नावाची सहा पायऱ्यांची पद्धत मांडली गेली. त्यातही काही सांगण्याआधी समोरच्याला काय कळलंय ते विचारायचं, अशी स्वतंत्र पायरी आहे. त्या सिस्टर ती शिकल्या होत्या की अनुभवाने त्यांना जमलं होतं, कोण जाणे. पण हे शिकवता येतं आणि परीक्षेला विचारता येतं.

अलार्मचंही तेच. पेशंटने हात हलवला, बोटाची क्लिप सरकली की मॉनिटर वाजतो. सिरिंज पंपातलं औषध संपत आलं की तोही वाजतो. नर्सला ते आवाज ओळखू येतात, पण बाहेरच्या माणसाला प्रत्येक आवाज शेवटचा वाटतो. तुमच्या सासूबाईंना त्या रात्री थोडी जरी झोप लागली असेल, तर ती या माहितीमुळे.

१९७९ साली नॅन्सी मोल्टर या अमेरिकी नर्सने अत्यवस्थ रुग्णांच्या ४० नातेवाइकांसमोर ४५ गरजांची यादी ठेवून विचारलं, तुम्हाला यातलं काय महत्त्वाचं वाटतं? सर्वांत वर आली आशा. पण प्रश्नांची प्रामाणिक उत्तरं मिळावीत आणि प्रकृतीत बदल झाला तर घरी फोन यावा, याही गरजा बऱ्याच वर होत्या. आता आशाही द्यायची आणि खोटंही बोलायचं नाही, हे एका तोंडाने कसं करायचं? या कामातली खरी कसरत ती आहे, आणि ती सगळ्यांना जमत नाही. माझे वडील शेवटच्या आजारात असताना एका नर्सने माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं, 'काही काळजी करू नका, सगळं ठीक होईल.' मी निर्धास्त होऊन घरी अंघोळीला गेलो. परत आलो तेव्हा ते गेले होते. बाईंचा हेतू चांगला होता, आणि मला आजही त्यांचा राग येतो. आजाऱ्याला भेटायला येणाऱ्यांच्या असल्या पोकळ दिलाशावर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच भरपूर तोंडसुख घेतलंय. पण सवय काही जात नाही.

त्याऐवजी काय म्हणता येतं? 'सकाळपर्यंत ड्युटीवर मीच आहे. त्यांना दुखत नाहीये ना याकडे माझं लक्ष आहे. काही बदललं तर मी स्वतः येऊन तुम्हाला उठवेन.' तिन्ही गोष्टी नर्सच्या हातातल्या आहेत. आणि मग खरोखर येऊन उठवायचं, तेही पहाटे तीनला, दुसऱ्या बेडचं सलाइन बदलून हात पुसत पुसत.

मुलीला मात्र हेही सांगा, की तिने पाहिली ती त्या सिस्टरच्या पाळीतली जेमतेम दहा मिनिटं होती. उरलेल्या वेळात डोसचा हिशेब, कूस बदलणं, कफ ओढून काढणं, लघवीची मोजदाद, नोंदी आणि पाळी संपताना पुढच्या नर्सला हँडओव्हर. तो संपल्याशिवाय पाय निघत नाही. बिलावरून भडकलेला नातेवाईकही पहिला नर्सवरच ओरडतो, कारण समोर तीच असते. पेशंटबद्दल कुणाला किती सांगायचं यालाही मर्यादा असतात. निदान पहिल्यांदा सांगणं डॉक्टरांचं काम आहे, आणि दाराशी उभ्या प्रत्येक चुलतभावाला रिपोर्ट वाचून दाखवता येत नाही. तिथे गोड स्वभावाची माणसं हमखास अडकतात.

आणखी एक गोष्ट तिच्यापासून लपवू नका. २०१८ साली अमेरिकेतल्या पाच आयसीयूंमध्ये १४२० रुग्णांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कुटुंबाला आधार देण्यासाठी नर्सना खास तयार केलं होतं, त्या घरच्यांना नेमाने भेटत होत्या. सहा महिन्यांनी पाहिलं तर नातेवाइकांच्या चिंतेत आणि नैराश्यात म्हणावा असा फरक नव्हता. आमच्याशी नीट बोललं गेलं, आमच्या माणसाचा विचार झाला, असं मात्र त्यांनी जास्त प्रमाणात सांगितलं. म्हणजे दुःख तसंच राहिलं आणि वागणूक लक्षात राहिली. एवढ्यावर तिचं समाधान होणार असेल तर ती या कामात टिकेल. आपण लोकांचं दुःख दूर करू अशा कल्पनेने येणारी मुलं दोन-तीन वर्षांत कोरडी होऊन बसतात. या झिजण्याला 'कम्पॅशन फटीग' हे नाव १९९२ साली कार्ला जॉइन्सन यांनी दिलं, त्याही नर्सच होत्या.

'डॉक्टर हो' या सल्ल्याबद्दल थोडक्यात. ते वेगळं काम आहे. डॉक्टर राउंडला येतात आणि पुढे जातात, नर्स पूर्ण पाळी बेडपाशी असते. रोग कशामुळे झाला याचं तिला कुतूहल असेल तर तिने खुशाल डॉक्टर व्हावं. पण नर्सिंगला गेली तर बाकीची दारं बंद होतात असंही नाही. सिसिली साँडर्स आधी नर्स झाल्या, पाठीच्या दुखण्यामुळे ते सोडून रुग्णालयात समाजसेविका झाल्या, १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारं रुग्णालय, सुरू केलं. मरणासन्न माणसाबरोबर त्याच्या घरच्यांकडेही बघायचं, ही आजच्या पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे गंभीर आजारात रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या उपचारांची, रीत बरीचशी तिथून आली. नर्सिंगमध्ये राहूनही पॅलिएटिव्ह केअर, नवजात बालकांचा आयसीयू, कॅन्सर वॉर्ड, अवयवदानाचं समन्वयन असे विभाग आहेत. तिथे कुटुंबाशी बोलणं हा कामाचा मोठा भाग असतो.

उलट, तिला फक्त ऐकायला आणि बोलायला आवडत असेल, बेडपॅन आणि ड्रेसिंगची किळस येत असेल, तर तिने वैद्यकीय समाजकार्य किंवा समुपदेशन पाहावं. त्यात कमीपणा काही नाही. हे घरी बसून ठरवू नका. ओळखीत कुणी नर्स असेल तर मुलीला नाइट संपवून आलेल्या दिवशी त्यांना भेटू द्या. सुट्टीच्या दिवशी नटूनथटून भेटलेल्या नर्सकडून तिला अर्धीच गोष्ट कळेल. आणि 'तुम्हाला या कामात काय आवडतं' हे विचारण्यापेक्षा 'काल रात्री काय काय केलंत' असं तिला विचारू द्या.

राहता राहिला हळवेपणा. रडू येतं का, याने मला काहीच कळत नाही, पुष्कळ चांगल्या नर्सेस स्टोअररूममध्ये जाऊन रडून येतात. तुम्ही लिहिलंत की मांजर आजारी पडलं तेव्हा ती रडली. त्याला औषध कुणी पाजलं, ते मात्र पत्रात नाही. तेवढं मला कळवा.